वडिलांची खाज पावसाळ्यात फार वाढते – घरगुती काळजीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. बाबा बार्शी तालुक्यात शेती करतात, वय साठीच्या पुढे. गेली काही वर्षं पावसाळा लागला की त्यांची कातडी बिघडते. पापण्या सुजतात, मानेवर आणि कोपराच्या लवणीत लाल चट्टे उठतात. खाजवून लस येते, मग खपल्या धरतात. मानेची कातडी आता जाड नि काळपट झालीय. रात्रभर खाजवतात, त्यामुळे आईलाही झोप नाही.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने लगेच साफ होतं, पण बंद केली की दुप्पट उसळतं. म्हणून बाबांनी ठरवलंय, आता फक्त झाडपाला. सध्या कडुलिंबाच्या पाल्याच्या कडकडीत पाण्याने आंघोळ, वर झेंडूच्या पाल्याचा रस, रात्री कोरफड. वांगं आणि आंबट बंद. यातलं काय चालू ठेवावं?

खोबरेल_बाटली: आधी ते कडकडीत पाणी बंद करा. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कातडीचं तेल निघून जातं आणि तासाभरात जास्त खाजतं. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखेत-जांघेत. पंच्याने टिपायचं, घासायचं नाही. अंग ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावा. दिवसातून दोनदा तरी. मोहरीचं तेल नको, झोंबतं. लस येत असेल तिथे तेल न लावता स्वच्छ सुती कापडाची गार ओली पट्टी ठेवा. नखं कापा, रात्री जुना मऊ सुती सदरा घाला. वांगं खाऊन वाढतं असं बाबांना स्वतःला दिसलं असेल तरच सोडा, उगाच ताट रिकामं करू नका.

बांधावरचा: पापण्या, मान, कोपराची लवण, तेही पावसाळ्यात आणि शेतकऱ्याला? बांधावर गाजर गवत आहे का?

धागाकर्ता: भरपूर. बाबाच हाताने उपटतात.

बांधावरचा: मग आधी तिकडे बघा. ही काँग्रेस, म्हणजे हेच गाजर गवत, १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसली, आता कुठे नाही ते विचारा. तिच्यातल्या पार्थेनिन नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी होते आणि ती हात न लावताही होते, कारण वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्याने उडून उघड्या अंगावर बसतो. आमच्या चुलत्यांचं हेच होतं. आणि झेंडूचा रस आजच थांबवा! झेंडू, शेवंती, सूर्यफूल सगळं त्याच कुळातलं. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्याला हीसुद्धा बाधू शकतात. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे इथे चालत नाही.

त्वचा_ओपीडी: मी याच विभागात काम करते. न बघता निदान करणार नाही, पण शंका रास्त आहे. पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा. तोवर गवत दुसऱ्या कोणीतरी, फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटावं. बाबांनी शेतात पूर्ण बाह्या आणि गळ्याला उपरणं. घरी आल्यावर आधी हात-तोंड धुऊन कपडे बदलायचे, ते कपडे बांधाजवळ वाळत घालू नका. कडुलिंबाचं पाणी कोमट असेल आणि झोंबत नसेल तर राहू द्या. कोरफडीचा पिवळा चीक लागू देऊ नका, तोही चुरचुरतो.

ट्यूबबद्दल: मेडिकलमधून मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांत जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. मनाने महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, पापण्यांना तर लावूच नये. पण योग्य ताकदीचं स्टेरॉइड ठरलेल्या मुदतीपुरतं लावलं की खाजेचं चक्र तुटतं. भडकलेलं इसब नुसत्या तेलाने बसत नाही, हे बाबांना जरा समजावून सांगा. पिवळा पू, ताप किंवा एकदम दुखरे फोड आले तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

धागाकर्ता: खूप आभार. एक अडचण आहे. दसऱ्यासाठी दोन गुंठे शेवंती लावलीय, तोडणी बाबाच करतात. तीही काढून टाकायची का?

त्वचा_ओपीडी: काढू नका. पॅच टेस्टमध्ये शेवंतीचंही कळतं, तसं तिथे आवर्जून सांगा. यंदाची तोडणी दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि फुलांच्या पाट्या घरात, बाबांच्या खाटेजवळ ठेवू नका.