इंग्रजीत वाढलेल्या मुलाला जपानी बोलणे इतके जड का जाते?

अर्धविराम:
माझा भाचा लहानपणापासून इंग्रजीतच वाढला आहे. मराठी त्याला जवळजवळ येत नाही. गेली काही वर्षे तो जपानी शिकतो आहे आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ (खालून दुसरी) पातळी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आहे. छापील उतारा समोर असला की तो फारसा अडत नाही. परंतु प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की दोन वाक्यांत गाडी थांबते आणि जे बोलतो तेही समोरच्याला पुन्हा विचारावे लागते. मीही थोडीफार जपानी शिकले आहे, पण वाक्ये जुळवताना मला असा त्रास झाला नाही, त्यामुळे माझे सल्ले त्याच्या उपयोगी पडत नाहीत. त्याने नेमका कशाचा सराव करावा?

वाटाड्या:
जेएलपीटीत बोलण्याची चाचणीच नसते. वाचन, व्याकरण आणि श्रवण यांवर पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात, तेव्हा एन-४ मिळाले म्हणजे बोलता आले असे होत नाही. शिवाय इंग्रजी भाषकांसाठी ही भाषा खरोखरच कठीण आहे : अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी जपानीला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास धरते.

तुम्हाला त्रास झाला नाही याचे कारण मराठी आहे. क्रियापद शेवटी, 'ला', 'ने', 'त' नामाच्या मागे, आणि कर्ता गाळला तरी काही बिघडत नाही. जपानीची घडण बरीचशी अशीच असल्याने हे सारे आपल्याला फुकट मिळते. 'आज स्टेशनवर मित्राला भेटलो' हे वाक्य 'क्योऽ, एकि दे, तोमोदाचि नि आइमाशिता' असे जवळजवळ त्याच क्रमाने उतरते. तुमच्या भाच्याला मात्र 'मी' आणि 'भेटलो' हे आधी सुचतात. 'मी' टाकून द्यायचा आणि 'भेटलो' शेवटपर्यंत धरून ठेवायचा, या खटाटोपात तो अडतो. त्याने पूर्ण वाक्य मनात जुळवून मग बोलणे सोडावे आणि तुकड्यातुकड्याने बोलावे : 'क्योऽ ने', थांबा, 'एकि दे ने', थांबा. अनौपचारिक बोलण्यात जपानी माणसेही असा 'ने' (आपल्या बोलण्यातल्या 'ना'सारखा) पेरत जातात, त्यामुळे ते कानाला विचित्र वाटत नाही आणि पुढचा तुकडा शोधायला क्षणभर सवड मिळते.

निळी शाई:
वाक्यरचनेबद्दल सहमत आहे, परंतु समोरच्याला पुन्हा विचारावे लागते त्याचे कारण बहुधा वेगळे असावे. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर (एका दमात उच्चारलेल्या तुकड्यावर) जोर येतो आणि उरलेले स्वर आखडून पुसट होतात. जपानीत मात्र प्रत्येक मात्रेला साधारण सारखाच वेळ द्यावा लागतो, आणि दीर्घ स्वराचा उत्तरार्ध, जोडाक्षरापूर्वीचा थांबा व अवयवाच्या शेवटचा अनुनासिक या प्रत्येकाची स्वतंत्र मात्रा मोजली जाते. 'किते' म्हणजे 'ये', 'किइते' म्हणजे 'ऐक' आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. पहिल्याच्या दोन मात्रा, उरलेल्या दोघांच्या तीन-तीन. इंग्रजी कानाला हे तिन्ही जवळजवळ एकच वाटतात.

त्याला हे तीन शब्द बोटांनी मात्रा मोजत म्हणायला सांगा. 'कित्ते'मधला थांबा जमत नसेल तर इंग्रजीतला 'बुककेस' शब्द म्हणायला लावा. तिथे दोन 'क' एकमेकांना भिडतात तेव्हा जीभ क्षणभर जशी अडून राहते, तसेच इथे करायचे. त्याच्या ओळखीचे इंग्रजी शब्दही त्याने जपानी पद्धतीनेच म्हणावेत. 'मा-कु-दो-ना-रु-दो' या सहा मात्रा आहेत, आणि तो शब्द त्याने इंग्रजी वळणाने उच्चारला तर दुकानातल्या माणसालाही कळणार नाही. (ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत आपणही सावध राहावे, मराठी बोलण्यात ते आपण सर्रास सैल सोडतो.)

उलटतपासणी:
स्वराच्या चढउताराचे काय? 'हाशि'चा पहिला स्वर उंच असला तर टोकियोत त्याचा अर्थ जेवणाच्या काड्या होतो आणि दुसरा उंच असला तर पूल. हे शिकल्याशिवाय बोलणे सुधारेल असे मला वाटत नाही.

निळी शाई:
चढउतार शिकावा, परंतु मात्रांनंतर. ओसाकाकडची उंची टोकियोपेक्षा वेगळी असते, तरी त्या लोकांचे एकमेकांशी बोलताना अडत नाही, कारण संदर्भावरून शब्द कळतो. मात्रा चुकली तर मात्र 'ओबाऽसान' म्हणजे आजीची 'ओबासान' म्हणजे मावशी होते, आणि दोघीही त्याच घरात असल्या तर संदर्भही मदतीला येत नाही. इंग्रजी भाषकाने 'उंच' म्हणजे 'जोरात' असे समजू नये, एवढे सुरुवातीला पुरे.

वाटाड्या:
एक गोष्ट राहिली. इंग्रजीत समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत गप्प राहणे सभ्यपणाचे मानतात. जपानीत ऐकणारा मध्येमध्ये 'हाइ', 'एऽ', 'सोऽ देसु का' असे हुंकार देत राहतो. ते आले नाहीत तर बोलणारा अस्वस्थ होतो, आणि फोनवर तर 'मोशी मोशी' म्हणून तुम्ही आहात ना याची खात्री करून घेतो. भाचा गप्प राहत असेल तर त्याला काहीच कळले नाही असे समजून समोरचे लोक संभाषण आवरते घेत असतील.

अर्धविराम:
गप्प तो नक्कीच राहतो. मात्रांचा सराव एकट्याने करता येईल, पण या हुंकारांचा कसा करायचा?

वाटाड्या:
ध्वनिमुद्रित मुलाखती लावून पाहुण्याच्या प्रत्येक विरामाला मोठ्याने हुंकार द्यायचा. सुरुवातीला फक्त 'हाइ' पुरे. मुलाखत घेणारा कुठे काय म्हणतो ते ऐकून हळूहळू बाकीचे वाढवता येतात. मात्र मित्रांना चालणारा 'उन्' त्याने शिक्षकांसमोर किंवा कामाच्या ठिकाणी वापरू नये.