मदत हवी आहे: सावळ्या बहिणीचे लग्नाचे फोटो तिच्याच रंगाचे यावेत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न येत्या मार्गशीर्षात कराडला आहे. मुहूर्त गोरज, संध्याकाळी 6 वाजून 22 मिनिटांचा. कार्यालय, जेवण, आहेर सगळं मार्गी लागलंय. जीव अडकलाय तो फोटोंत.

कारण साखरपुड्याचा अल्बम. बहीण सावळी आहे, छान तुकतुकीत सावळी. अल्बम आला तेव्हा आई पहिल्याच पानावर थांबली. चेहरा पांढरट गुलाबी, कान त्याहून गडद, आणि अंगठी घालून घेणारा हात तर दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. डाव्या डोळ्याखालचा तीळ गायब. लहानपणी आजी त्याच तिळाला बोट लावून तिची दृष्ट काढायची. फोटोग्राफरला विचारलं तर म्हणाला, "ताई, सगळ्यांना उजळच लागतं, मी तर कमीच केलंय." बहीण काही बोलली नाही. अल्बम कपाटात गेला तो अजून बाहेर आलेला नाही.

लग्नाला फोटोग्राफर बदललाय, मेकअपवालीही नवीन आहे. पण नेमकं काय सांगायचं ते कळत नाही. "नॅचरल ठेवा" म्हटलं की सगळेच हो म्हणतात.

मी घरी थोडं करून पाहिलं. सनस्क्रीन आणि वर लूज पावडर लावून बहिणीला खिडकीपाशी उभं केलं, फोटो उत्तम आला. त्याच मेकअपवर रात्री फ्लॅश मारला तर डोळ्यांखाली आणि नाकावर राखेसारखा पांढरा थर. हे कशामुळे? शिवाय स्टेजवर पांढरा पडदा आणि गुलाबी-जांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) ठरलेत, अष्टपुत्री साडी पिवळी, आणि नवरदेव चांगला गोरा. दोघं एका फ्रेममध्ये नीट कसे येणार? हळद आदल्या दिवशी आहे, तिचा पिवळेपणा राहिला तर? कृपया "सावळं रूपच सुंदर" एवढंच लिहू नका, ते आम्हाला माहीत आहे. उपाय सांगा.

प्रतिसाद

ताई, बारा वर्षं लग्नं शूट करतोय. आधी पार लाइटचं बघा. गुलाबी-जांभळा प्रकाश एकदा चेहऱ्यावर पडला की तो नंतर काढता येत नाही. चेहरा मग गोरा असो की सावळा, मातकटच होतो. डेकोरेशनवाल्याला सांगा, रंगीत दिवे फक्त मागच्या पडद्यावर, माणसांवर साधा पिवळसर पांढरा उजेड.

दुसरं, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. मागे पांढरा पडदा असला की मीटर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, उतरवतो आणि सावळा चेहरा बुडतो. मग एडिटिंगमध्ये तोच चेहरा ओढून वर काढतात. तुमच्या अल्बमात जो पांढरटपणा आलाय तो बहुतेक तिथून, आणि तीळ गेला तो स्किन स्मूथिंगमुळे, म्हणजे एडिटिंगमध्ये त्वचा गुळगुळीत केल्यामुळे. पडदा अबोली किंवा मेंदी रंगाचा करता आला तर निम्मं काम होईल.

जोडीसाठी मी मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा) नवरीच्या बाजूने, जरा कडेला आणि जवळ लावतो. गोऱ्या चेहऱ्याचं एक्स्पोजर सांभाळायचं आणि उजेड सावळ्या चेहऱ्याला जास्त द्यायचा. समोरून थेट फ्लॅश नको. सावळ्या त्वचेला आकार येतो तो गालावर, कपाळावर पडणाऱ्या उजेडाच्या चमकेतून. फोटोग्राफरला तीन गोष्टी विचारा: रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढणार का, व्हाइट बॅलन्स (उजेड कुठलाही असो, पांढरं पांढरंच दिसावं याचं सेटिंग) हाताने सेट करणार का, आणि एडिट केलेले पाच फोटो आधी दाखवणार का.

आणि हा दोष आजचा नाही. माझ्या वडिलांची कलर लॅब होती. प्रिंटचा रंग जुळवायला कोडॅकची कार्डं यायची, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. 1950 च्या दशकापासून त्यावर गोरी बाईच असायची. तिचा रंग बरोबर आला की प्रिंट बरोबर. पुढे कोडॅकने फिल्ममधल्या गडद छटा सुधारल्या त्यालाही मोठं कारण चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचं होतं, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांची कार्डं 1990 च्या दशकात आली.

प्रतिसाद

मी ब्रायडल मेकअप करते. तो पांढरा थर सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा, आणि पावडरमधल्या सिलिकाचा. फ्लॅशचा उजेड ते सरळ परत फेकतात. मुहूर्त संध्याकाळचा आहे, त्या मेकअपखाली सनस्क्रीनची गरज नाही. पावडर बिनरंगाची नको, तिच्या रंगाची घ्या, आणि फक्त नाकाच्या बाजूंना व हनुवटीवर. सगळी चमक मारू नका.

फाउंडेशनची शेड मनगटावर बघू नका. जबड्यापासून मानेपर्यंत रेघ ओढा, दाराबाहेर उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होते ती तिची शेड. कान, मान, हात यांनाही तोच हात फिरला पाहिजे. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून फोटो काढाच.

हळद साबणाने घासू नका, साबणाने तिचे डाग लालसर होतात (हळदीला चुना लावून कुंकू होतं, तसंच). आधी खोबरेल चोळा, हळद तेलात सुटते, मग बेसन-दूध. शेवटच्या आठवड्यात नवीन फेशियल, ब्लीच काही नको.

मूळ प्रश्न विचारणारी

दादा, ताई, मनापासून आभार. रविवारी ट्रायल झाली. दोन शेड गेल्या, तिसरी रेघ मानेवर दिसेनाशी झाली. अंधारात फ्लॅश मारला, राख नाही. तीळ दिसतोय. बहिणीने तो फोटो स्वतःहून होणाऱ्या नवऱ्याला पाठवला.

पडद्याचं मात्र अडलंय. डेकोरेशनवाला म्हणतो पांढरंच पॅकेज आहे, बदलायचे वेगळे पैसे. मागे झेंडूच्या माळा दाट सोडल्या तर मीटरला तेवढं पुरेल का? पिवळ्या अष्टपुत्रीमागे झेंडू नको असेल तर आंब्याची पानं चालतील?