आई-बाबा सोबत असतील तर लॉय क्रथोंग

थायलंडला कोणत्या सणाला जावं, या तुमच्या प्रश्नावर वर बहुतेकांनी एप्रिलमधला सोंगक्रान, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवायचा थाई नववर्षाचा सण, सुचवलाय. तो आहेच भारी, पण तुम्ही लिहिलंय की सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत. तीन दिवस रस्त्यावर भिजणं त्यांना झेपणार नाही. माझं मत लॉय क्रथोंगला, म्हणजे पाण्यात दिवे सोडायच्या सणाला. थायलंडच्या बाराव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, म्हणजे साधारण नोव्हेंबर, बहुतेकदा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच.

क्रथोंग म्हणजे केळीच्या खांबाची जाड चकती, भोवती पानांच्या घड्या टाचलेल्या, वर झेंडू, उदबत्त्या आणि मेणबत्ती. उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात पिंग नदीकाठी एका आजींनी माझ्या आईला पान कसं दुमडायचं ते हात धरून शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास गप्पा चालू होत्या! मग क्रथोंग कपाळाला लावून पाण्यात सोडायचा. ज्या नदीमातेची क्षमा मागतात तिचं नाव 'फ्रा मे खोंगखा', म्हणजे आपली गंगाच. हे कळलं तेव्हा आईचे डोळे भरून आले.

क्रथोंग केळीचाच घ्या, थर्माकोलचा अजिबात नको. नदीची माफी मागून तिच्यातच कचरा कसा टाकायचा?

चियांग माईत याच दिवसांत यी पेंग या तिथल्या सणाचे, हवेत सोडायचे आकाशकंदीलही असतात. मोठे कार्यक्रम तिकिटाचे आणि शहराबाहेर, त्यामुळे खोली आणि तिकीट दोन्ही खूप आधी ठरवा. गर्दी नकोच असेल तर थायलंडमधल्याच ताक नावाच्या शहरात जा. तिथे नारळाच्या करवंट्यांत दिवे लावून एकामागोमाग एक सोडतात आणि नदीभर उजेडाची लांब माळ वाहत जाते.