राईट-क्लिक बंद करून चोर थांबतो होय?

रानजाई:
काल इथे एका सदस्याने ज्ञान पाजळलं: "नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं. एवढंच लागत असेल तर राईट-क्लिक बंद करा, म्हणजे कॉपी होणार नाही, आणि गप्प बसा." डोकंच उठलं. घावनांवरचा माझा अख्खा लेख, "पहिला घावन तव्याला चिकटणारच, तो करणारीने खायचा" या वाक्यासकट, जाहिरातींनी बरबटलेल्या एका साइटवर 'आमची टीम' या नावाने झळकतोय. सासूबाईंच्या बिडाच्या तव्याचा फोटोही तोच, फक्त कोपऱ्यातलं माझं नाव कापलंय. गूगलवर त्यांचं पान वर, माझं खाली. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क माझा, नोंदणीही लागत नाही. मग गप्प मी का बसायचं?

तिरशिंगराव:
सल्ला माझाच होता. कायदा तुमच्या बाजूने आहे हो, पण चोर कायदा वाचून येत नाही. आणि तो हाताने कॉपीही करत नाही, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) तुमच्या फीडमधून, म्हणजे नवे लेख वाचकांच्या अ‍ॅपला आपोआप पोचवणाऱ्या सोयीतून, लेख उचलतो. फीडला पूर्ण लेख देता की सारांश? आधी ते सेटिंग बघा, मग रडा.

रानजाई:
पूर्ण देते. सारांश ठेवला की नेहमीचे वाचक कुरकुरतात. आणि फीडमधून जात असेल तर राईट-क्लिक बंद करायला कशाला सांगितलंत?

श्रवणभक्त:
कृपा करून ते राईट-क्लिकचं खूळ काढू नका. मला दिसत नाही, स्क्रीनरीडरवर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, वाचतो. चोरीला घाबरून एका लेखिकेने कविता चित्रात टाकायला सुरुवात केली. माझा फोन म्हणतो "इमेज", की संपली कविता. आणि राईट-क्लिक बंद असलं तरी चोराला काय, कंट्रोल-यू दाबलं की सगळा मजकूर समोर.

सावजी_ताई:
मला एक कळत नाही, घावन काय तुमच्या सासूबाईंनी शोधले? कल्पनेवर कॉपीराईट नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच सांगितलंय, आर. जी. आनंद खटल्यात. माझ्या आईची पुडाची वडी एका पुणेकर बाईंनी पुरवणीत 'तळलेली कोथिंबीर वडी' म्हणून छापली, तेव्हा कोणी धागा काढला नव्हता!

रानजाई:
त्याच निकालात मांडणीला संरक्षण आहे असंही म्हटलंय, तेवढं सोयीने गाळलंत. तांदूळ-मीठ-पाणी कोणीही लिहावं. वाक्यं माझी आहेत, फोटो माझा आहे.

घाटावरचा:
पण ताई, पुडाची वडी म्हणजे शेवटी तळलेली कोथिंबीर वडीच ना?

सावजी_ताई:
काहून हो? तुमची वडी वाफवून कापायची. आमच्यात पारी लाटायची, आतून चिंचगुळाचं पाणी नि गोडा मसाला लावायचा, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर), खोबरं, खसखशीचं सारण भरायचं, पुड बांधून तळायचा. कढीसोबत खाल्ली नसेल तर बोलू नये माणसाने.

घाटावरचा:
बरं, सारण भरलेली कोथिंबीर वडी. चिडता कशाला?

सावजी_ताई:
यालाच चोरी म्हणतात! घ्यायचं आणि वर नाव पुसायचं.

रानजाई:
मग मी दुसरं काय बोंबलतेय?

कायदेकानू:
वड्या आवरा. रानजाई, आधी दोन्ही पानं वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करा, पुरावा राहील. त्या साइटचं होस्टिंग कोणाचं, म्हणजे ती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, ते हूइज या डोमेन-सर्व्हरच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर शोधा. अमेरिकन कंपनी असेल तर १९९८ च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराईट कायद्याखाली नोटीस धाडा. शोधातून पान काढायला गूगलचा फॉर्म वेगळा भरायचा, दोन्ही पानांचे दुवे देऊन. साइटच्या मालकाला मेल पाठवत बसू नका, तो उत्तर देत नसतो. आणि हक्क विकला तरी आपल्या १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५७ खाली लेखक म्हणून नाव सांगायचा अधिकार उरतो. नाव कापणाऱ्यांनी तेवढं वाचावं.

तिरशिंगराव:
नोटिशीने पान शोधातून उडतं आणि त्यांची जाहिरातीची कमाई बुडते, हे मान्य. उद्या नवीन डोमेन घेतील, ती गोष्ट वेगळी. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नाव उडवून फिरणाऱ्या लेखांचं काय करणार वकीलसाहेब? मावशीला नोटीस धाडू?

कायदेकानू:
मावशी त्यावर जाहिराती लावत नाही. फरक कळत नसेल तर चर्चेत कशाला येता?

सावजी_ताई:
फोटोतलं नाव कापलं तो शुद्ध हलकटपणा, एवढं मी मानते. घावनांचा हक्क मानत नाही. त्या होस्टिंगवाल्यांचा पत्ता सापडला की इथे टाका, मलाही एका साइटवर नोटीस धाडायची आहे.