डॉक्टरांनी केलेला मुलींचा खतना कमी घातक असतो का?

परदेशस्थ परिचारिका

नमस्कार. मी इंग्लंडमधील एका प्रसूती विभागात काम करते. येथे गरोदर स्त्रीची पहिली नोंद करताना रक्तगट आणि आधीची बाळंतपणे यांच्या जोडीने खतना झाला आहे का, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा भाग कापला गेला आहे का, हेही विचारावे लागते. सुदान किंवा सोमालियातून आलेल्या स्त्रीने होकार दिला की पुढची सगळी आखणी बदलते. ज्यांचे भगोष्ठ, म्हणजे योनीमुखाच्या दोन्ही बाजूंचे ओठ, कापून कडा शिवून टाकलेल्या असतात, त्यांची ती शिवण प्रसूतीआधी किंवा प्रसूतीच्या वेळी उघडावी लागते. लघवी आणि पाळीचे रक्त जेमतेम बाहेर पडेल एवढीच वाट ठेवलेली मी पाहिली आहे.

मध्यंतरी माझी एक इजिप्शियन सहकारी म्हणाली की, तिच्या देशात हे काम आता दायांकडे राहिलेले नाही, डॉक्टर भूल देऊन निर्जंतुक साधनांनी करतात आणि त्यामुळे धोका संपला आहे. मला ते पटले नाही, पण ठाम उत्तरही देता आले नाही. प्रथा लगेच थांबणार नसेल, तर तोवर ती निदान जाणत्या हातांनी व्हावी, या म्हणण्यात काही तथ्य आहे का? आणि मुंबईतील दाऊदी बोहरा समाजात जे होते, तेही यातच मोडते का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूर

तथ्य आहे ते एवढेच, की निर्जंतुक साधनांमुळे धनुर्वात आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता घटते आणि भूल दिल्याने त्या वेळची वेदना कमी होते. कापलेला भाग मात्र कायमचा जातो. शिश्निका, म्हणजे योनीमुखाच्या वरच्या बाजूचा लहान उंचवटा, हा शरीरातील अत्यंत संवेदनशील अवयव आहे, तिचा रक्तपुरवठाही भरपूर असतो, त्यामुळे डॉक्टरांच्या हातूनही रक्तस्राव होतो. शिवाय भूल दिलेली मुलगी हलत नाही, त्यामुळे अधिक खोल कापले जाण्याची भीती उलट वाढते. पुढे व्रणाच्या गाठी, संभोगाच्या वेळच्या वेदना, लघवीचे विकार आणि मनावर बसलेला धसका यांपैकी काहीही स्वच्छ खोलीत शस्त्र चालवल्यामुळे टळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील सहा देशांत 28 हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. खतना झालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण जास्त आढळले, नवजात बालकांचे मृत्यूही जास्त होते आणि खतना जितका तीव्र, तितका धोका वाढत गेलेला दिसला. ज्या कृतीने मुलीला आरोग्याचा कोणताही लाभ होत नाही, त्या कृतीसाठी वैद्याने हाती शस्त्र घेणे हे मला आमच्या व्यवसायाशी द्रोह केल्यासारखे वाटते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

अभ्यासक, पुणे

तुमच्या सहकारी बाईंना त्यांच्याच देशाचा अनुभव सांगावा. 1994 मध्ये कैरोत लोकसंख्या व विकास परिषद भरली असतानाच एका मुलीच्या खतन्याचे चित्रण जगभर दाखवले गेले आणि इजिप्तची मोठी नाचक्की झाली. त्यानंतर तेथील आरोग्यमंत्र्यांनी काय करावे? बंदी घालण्याऐवजी ठरावीक सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांनी ते करावे, अशी मुभा दिली. म्हणजे आपण येथे ज्याचा विचार करीत आहोत, तोच मार्ग त्यांनी चोखाळून पाहिला. ती मुभा पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली आणि 1996 मध्ये बंदी आली, पण वैद्यकीय गरजेची पळवाट ठेवूनच. 2007 मध्ये मिन्या प्रांतात एक मुलगी खासगी दवाखान्यात खतन्याच्या वेळी दगावली, तेव्हा ती पळवाट बंद झाली. कैरोतील अल-अझहर या इस्लामी धर्मपीठाच्या विद्वानांनीही या प्रथेला इस्लामी धर्मशास्त्रात आधार नाही असे जाहीर केले. 2008 मध्ये तो फौजदारी गुन्हा झाला आणि 2016 व 2021 मध्ये शिक्षा वाढवण्यात आली.

तरीही 2014 च्या पाहणीत असे दिसले की, खतना झालेल्या मुलींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींचा तो वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तींनीच केला होता. आईबापांच्या दृष्टीने डॉक्टरचा होकार म्हणजे ती गोष्ट योग्य असल्याची ग्वाहीच असते. त्यामुळे प्रथेला ओहोटी लागण्याऐवजी तिला नवी प्रतिष्ठा मिळते.

याउलट सेनेगलमध्ये मलिकुंडा बंबारा गावातील स्त्रियांनी 1997 मध्ये प्रथा सोडत असल्याचे सर्वांसमक्ष जाहीर केले. एकट्या कुटुंबाने नकार दिला तर मुलीचे लग्न कसे जमणार, हा घोर असतो. जिथे सोयरिकी होतात त्या गावांनी मिळून नकार दिला की तो कमी होतो. माझ्या मते गाठ सुटते ती इथेच.

वकील, मुंबई

बोहरा समाजाबद्दल लिहितो. तेथे साधारणतः सात वर्षांच्या मुलीच्या शिश्निकेवरील त्वचेचा भाग कापला जातो. पूर्वी हे काम घरगुती दाई करीत असे, शहरांत आता काही कुटुंबे डॉक्टरांकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा पहिला प्रकार आहे आणि नुसते टोचणे किंवा चिरणे हेही चौथ्या प्रकारात येते. समाजातील समर्थक स्त्रिया याला धार्मिक स्वातंत्र्य मानतात, तर ज्यांनी ते सोसले अशा बोहरा स्त्रियांनीच विरोधाचे काम उभे केले आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, 2018 मध्ये ती घटनापीठाकडे गेली आणि 2019 मध्ये शबरीमला प्रकरणाच्या निमित्ताने हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. आपल्याकडे या कृत्यावर स्वतंत्र कायदा नाही. दुखापतीची कलमे आणि पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, यांच्या आधारे युक्तिवाद होतो. आपले म्हणणे मांडता न येणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या शरीराबाबत मोठ्यांचे धर्मस्वातंत्र्य पुढे करणे मला घटनेच्या कसोटीवर टिकणारे वाटत नाही.

परदेशस्थ परिचारिका

सर्वांचे आभार. इजिप्तचा घटनाक्रम मी त्या सहकारी मैत्रिणीसमोर ठेवीन. येथे एक प्रसंग वरचेवर येतो: बाळंतपणात उघडलेली शिवण पुन्हा पूर्वीसारखी घालून द्या, अशी विनंती होते, कधी बाळंतीण स्वतः करते, कधी सोबत आलेली सासू. इंग्लंडच्या कायद्याने तसे करता येत नाही. आजवर मी कायद्याचे नाव सांगून थांबत असे. यापुढे वेळ काढून लघवी, पाळी आणि पुढचे बाळंतपण यांच्या दृष्टीने ती वाट मोकळी राहणे का आवश्यक आहे, हे दोघींना दुभाषीच्या मदतीने समजावून सांगेन.