चर्चा: पक्ष सावरायचा तर जुन्यांनी आधी खुर्ची सोडावी का? (कामराज योजना आणि आमची सोसायटी)

संत्रावाला वरुडकर

राम राम मंडळी.

आमच्या गावात सेवा सोसायटीची निवडणूक लागली आहे. पंचवीस वर्षं एकाच पॅनलची सत्ता. मागच्या खेपेला मात्र तीन जागा गेल्या, आणि कर्जवाटपावरून लोक तोंडावर बोलायला लागले. परवा पारावर पॅनलमधले सर्वांत वयस्कर संचालक म्हणाले, "मी या वेळी उभा राहत नाही. आणि माझ्यासोबत जुन्या पाचही जणांनी थांबावं." सगळे चिडीचूप. तेवढ्यात एक गुरुजी म्हणाले, "हा तर कामराज प्लॅन झाला." निम्म्या लोकांना कामराज कोण तेच ठाऊक नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

१९६३ साल. चीन युद्धाचा मार ताजा होता. मे महिन्यात काँग्रेसनं लोकसभेच्या तीन पोटनिवडणुका गमावल्या. अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादेतून लोहिया आणि राजकोटहून मिनू मसानी असे विरोधातले निवडून आले. संसदेत बहुमत भक्कम होतं, पण पक्ष सुस्तावलेला. तेव्हा मद्रासचे मुख्यमंत्री कामराज नेहरूंना म्हणाले, मोठ्या लोकांनी पदं सोडून पक्षाच्या कामाला लागावं, सुरुवात माझ्यापासून. ऑगस्टमध्ये सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री बाहेर पडायचं ठरलं. मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील अशी बडी माणसं त्यात होती. कामराजांनी २ ऑक्टोबरला खुर्ची सोडली आणि पुढच्या जानेवारीत भुवनेश्वरच्या अधिवेशनात ते पक्षाध्यक्ष झाले.

माझं मत सरळ आहे. आम्ही संत्र्याची सल काढतो तेव्हा नुसतं वाळकं लाकूड कापत नाही. बोटाच्या पेराएवढी हिरवी फांदीही सोबत घेतो, नाहीतर रोग आत राहतो. सत्तेतला पक्ष असाच सावरतो. थोडं हिरवं गेलं पाहिजे, आणि ते कापायला सांगणाऱ्यानं पहिली फांदी स्वतःची दिली पाहिजे. कामराजांनी दिली.

तुमचं काय म्हणणं?

पऱ्हाटी आर्णी

भाऊ, तुमची सल-बिल ठीक हाय, पण गोष्ट अर्धीच सांगून रायले तुम्ही. कोणाचा राजीनामा घ्यायचा अन् कोणाचा नाई, हे कोणाच्या हाती होतं? नेहरूच्या. राजीनामे तर साऱ्यांनीच देतो म्हटलं होतं. निवडून निवडून मोरारजीले घरी बसवलं. ज्याले नेहरूच्या मागं खुर्ची पाह्यजे होती त्याचाच पाय कापला. शास्त्री बाहेर गेले खरे, पण किती दिवस? भुवनेश्वरात नेहरूले झटका आला अन् जानेवारी ६४ मध्ये शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आत. चार-पाच महिन्यांत! अन् मोरारजी? बाहेरच.

याले पक्ष सावरणं म्हणत असन तर मंग आमच्या गावचा पुढारी बी लय मोठा माणूस हाय. तो बी दर पाच वर्षांनी "नव्या पोरांना संधी" म्हणते, अन् नेमकी भाऊबंदाचीच नावं कापते.

निवृत्त मास्तर, चांदूर

पऱ्हाटीभाऊ, तुमचा राग समजतो, पण सगळं डाव म्हणून उडवून लावू नका. मोरारजींचा काटा काढला गेला, हा आरोप तेव्हापासूनचा आहे आणि त्यात तथ्य असेलही. पण ज्यानं योजना आणली त्याला स्वतःला काय मिळालं? चालू राज्य सोडलं त्यानं.

माझा वाद वेगळ्या ठिकाणी आहे. वरुडकरांना वाटतं कामराजांनी खुर्ची सोडून पक्षाला जीव दिला. मी म्हणतो, जीव दिला तो खुर्चीत असतानाच. सोडल्यावर गेला.

१९५४ मध्ये कामराजांच्या आधीचे मुख्यमंत्री राजाजी पायउतार झाले ते कशावरून? मुलांनी अर्धा दिवस शाळा शिकावी आणि उरलेला अर्धा दिवस बापाचा धंदा, या योजनेवरून. न्हाव्याच्या पोरानं न्हावीच व्हावं, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि काँग्रेसच्या पायाखालची माती सरकली. कामराज स्वतः लहानपणीच शाळा सुटलेला माणूस. त्यांनी आल्याबरोबर ती योजना मोडली. नेतेपदासाठी आपल्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतलं. मग गावोगाव शाळा काढल्या आणि पोरांना दुपारचं जेवण सुरू केलं. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीच्या भांड्यापाशी उभा राहिलोय. जेवणाची घंटा वाजायच्या आधी पटावर किती पोरं असतात आणि नंतर किती, ते मला विचारा. पक्षाची मुळं अशी रुजतात. भाषणांनी रुजत नाहीत.

आणि असा माणूस नऊ वर्षांनी उठून दिल्लीला गेला. मागं भक्तवत्सलम आले. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलन पेटलं, मग तांदळाची टंचाई. १९६७ला द्रमुकनं राज्य घेतलं आणि खुद्द कामराज आपल्या विरुदुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी पडले. आपल्या शेतातला धुरा सोडून दुसऱ्याच्या शेताची राखण करायला गेलं की असंच होतं.

अजून एक हिशेब मांडा. ज्या सहा मुख्यमंत्र्यांनी खुर्ची सोडली ती राज्यं म्हणजे मद्रास, ओरिसा, उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि काश्मीर. काश्मीर वगळता पाचही ठिकाणी १९६७ सालातच काँग्रेसची सत्ता गेली. काही ठिकाणी मतांनी, काही ठिकाणी फोडाफोडीनं. आणि महाराष्ट्र? इथं कुणाला हलवलं नव्हतं. तेव्हा मुख्यमंत्री आपले चंद्रपूरचे कन्नमवार. त्यांचं नोव्हेंबर ६३ मध्ये पदावर असताना निधन झालं, मग पुसदचे वसंतराव नाईक आले आणि ७५ पर्यंत राहिले. १९६७ला इथं २७० पैकी २०३ जागा.

संत्रावाला वरुडकर

मास्तर, हिशेब कडक आहे, पण वजनात एक पारडं राहिलं. बंगालमध्ये कुणी राजीनामा दिला नव्हता. प्रफुल्लचंद्र सेन ६२ पासून खुर्चीला चिकटून होते. ६७ला सत्ता तर गेलीच, ते स्वतःसुद्धा पडले. म्हणजे दुष्काळ, महागाई, धान्याची टंचाई यांचा फटका दोघांनाही बसला, सोडणाऱ्याला आणि धरून ठेवणाऱ्यालाही.

आणि तुम्ही २७ मे १९६४ विसरलात. नेहरू गेले. देशात पहिल्यांदाच पंतप्रधान निवडायचा होता. परदेशातले लोक विचारत होते, नेहरूंनंतर कोण. कामराजांनी एकेका खासदाराला, एकेका मुख्यमंत्र्याला विचारलं आणि शास्त्रींवर एकमत केलं. दीड वर्षानं ताश्कंदला शास्त्री गेले, तर पुन्हा तेच काम. या खेपेला मोरारजी अडून बसले, मतदान झालं, इंदिराबाईंना ३५५ आणि मोरारजींना १६९. दोन पंतप्रधान गेले आणि पक्ष फुटला नाही. कामराज मद्रासच्या खुर्चीत बसून राहिले असते तर हे कुणी केलं असतं?

स्वतःला पंतप्रधान व्हायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून लोकांनी त्यांचं ऐकलं. माझा मुद्दा तोच आहे.

पऱ्हाटी आर्णी

अन् ज्या बाईले बसवलं तिनंच १९६९ मध्ये पक्ष फोडला अन् कामराजले पलीकडच्या बाजूले ठेवलं. ते काहून नाई लिहिलं भाऊ? 😀

धानपट्टा, भंडारा

सगळे मद्रासमध्ये अडकलेत. आपल्या घरचं उदाहरण आहे ते पाहा ना.

१९७७ला देशभर काँग्रेस झोपली, पण विदर्भानं हात सोडला नाही. त्या जुलैत इंदिराबाई पवनारला विनोबांना भेटायला आल्या. कुणी त्याला आशीर्वाद म्हटलं, कुणी राजकारण. जानेवारी ७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. तेव्हा मोठी खोडं कुठं होती? यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, ब्रह्मानंद रेड्डी, सगळे दुसऱ्या काँग्रेसमध्ये. आणि फेब्रुवारीतल्या विधानसभेत काय झालं? इंदिरा काँग्रेसला ६२ आणि जुन्या जाणत्यांच्या काँग्रेसला ६९. एक महिन्याचा पक्ष आणि फरक सात जागांचा! त्या ६२ मध्ये विदर्भाचा वाटा मोठा होता. आमच्या भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले ते त्याच जोरावर.

तेव्हा ज्येष्ठ नेता पक्ष उभा करतो ही गोष्ट मला पटत नाही. धानाच्या बांधीत राबणारी बाई ज्या चिन्हावर शिक्का मारते तिथं पक्ष उभा होतो. जाणते नंतर येऊन हार घालून घेतात.

दोन्ही काँग्रेसनं मिळून केलेलं वसंतदादांचं ते आघाडी सरकार पाच महिनेसुद्धा टिकलं नाही हे मीच सांगून टाकतो, नाहीतर मास्तर सांगतीलच.

निवृत्त मास्तर, चांदूर

सांगणारच होतो. जुलैत पाडलं ते कुणी, तेही सगळ्यांना माहीत आहे.

पण भाऊ, पराभवानंतर सत्तेबाहेरचा पक्ष उभा करणं वेगळं आणि सत्तेत असताना सुस्तावलेला पक्ष हलवणं वेगळं. पडलेल्या माणसाला उठायचं असतंच. लोडाला टेकून बसलेल्याला उठवणं अवघड. वरुडकरांचा प्रश्न त्या दुसऱ्याचा आहे.

ताई आर्वीकर

इतका वेळ वाचत होते. तुम्ही सगळे कोण उठलं त्यावर भांडताय. रिकाम्या जागी कोण बसलं ते कुणीच विचारलं नाही.

उत्तर प्रदेशात चंद्रभानू गुप्तांनी खुर्ची सोडली म्हणून सुचेता कृपलानी आल्या. २ ऑक्टोबर १९६३, देशातली पहिली महिला मुख्यमंत्री. आणि गंमत बघा, त्यांचे यजमान आचार्य कृपलानी अमरोह्यातून विरोधी म्हणून निवडून आलेले, ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणणारे तेच. नवरा सरकार पाडायला उभा आणि बायको त्याच पक्षाची मुख्यमंत्री. आपल्याकडे नवऱ्याला विचारल्याशिवाय ग्रामसभेत बोलू देत नाहीत.

पण मी भोळी नाही. सुचेताबाई आल्या त्या गटांच्या ओढाताणीत, गुप्तांच्या गटाच्या पाठिंब्यानं. १९६७ची निवडणूक झाल्यावर मुख्यमंत्री कोण? परत गुप्ताच. तेही तीन आठवडे टिकले नाहीत, चरणसिंग फुटले.

मध्य प्रदेशात मंडलोई गेले आणि द्वारकाप्रसाद मिश्र आले. नागपूर राजधानी असताना हेच इथं गृहमंत्री होते, १९५१ला नेहरूंशी भांडून बाहेर पडलेले. म्हणजे नवं रक्त म्हणून जुनाच गडी परत.

म्हणून वरुडकरभाऊंना एवढंच विचारते, सल काढल्यावर कापाला बोर्डोचा लेप लावता ना? कापलेली जागा उघडी ठेवली तर तिथूनच कीड शिरते. तुमच्या सोसायटीत पाच जण उठले तर त्या पाच जागी कोण? त्यांचीच पोरं आणि सुना? महिला राखीव जागेवर मी स्वतः उभी राहिले होते. सही माझी आणि बैठकीला बोलावणं यजमानांना. पहिलं वर्ष हेच भांडण्यात गेलं.

पऱ्हाटी आर्णी

ताईनं बरोबर जागी डवरा घातला.

अन् वरुडकर भाऊ, एक सरळ विचारतो, वाईट नका वाटून घेऊ. तुम्हाले सोसायटीच्या बैठकीतलं इतकं बारीक कसं माहीत? त्या जुन्या पाचात तुम्ही बी हाय का?

धानपट्टा, भंडारा

😂 वाट पाहतोय.

संत्रावाला वरुडकर

रात्रीची वीज होती, मोटर चालू करायला गेलो होतो, म्हणून उशीर.

हो, आहे. तीन टर्म झाल्या. पारावर त्या म्हाताऱ्यांनी पाच बोटं वर केली तेव्हा चौथं बोट माझं होतं. त्या रात्री झोप आली नाही. मग कामराज वाचत बसलो. थोडं त्यांच्यासाठी वाचलं आणि थोडं, खरं सांगायचं तर, न उठण्यासाठी एखादं कारण सापडतं का ते पाहायला. मास्तरांचा ६७चा हिशेब मला सापडला होता. मुद्दाम लिहिला नव्हता.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या जागी माझ्या पुतण्याचं नाव आधीच गावात फिरतंय आणि ते मी थांबवलेलं नाही. दुसरं नाव आहे ते बचत गटाच्या अध्यक्षबाईंचं. त्यांना पीककर्जाचं गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण त्यांच्यामागं एकही मोठं घर नाही.

अर्ज मागं घ्यायची तारीख सोमवार आहे.

निवृत्त मास्तर, चांदूर

मग रविवारी त्या बाईंच्या घरी जाऊन या. एकटे जा, पुतण्याला नेऊ नका.