लोरेन्झो वाल्लाला ‘भाडोत्री’ म्हणणाऱ्यांसाठी

निशिगंध:
युरोपच्या प्रबोधनकाळातल्या इतिहासकारांवर बोलताना काल वाटसरूंनी एका ओळीत निकाल लावला: ‘वाल्ला हा भाडोत्री लेखक. भांडण राजाचं, शाई वाल्लाची.’ वाल्ला म्हणजे पंधराव्या शतकातला इटालियन लॅटिन-पंडित; पोपच्या सत्तेचा आधार मानलं जाणारं ‘कॉन्स्टंटाइनचं दानपत्र’ बनावट आहे, हे त्याने दाखवून दिलं. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

१४४० साली, दानपत्रावर लिहिलं तेव्हा, तो अरागॉनच्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि नेपल्सच्या गादीवरून राजाचं पोप युजीन चौथ्याशी वाजलं होतं, हे मान्य. पण त्याने पुरावा काय दिला ते तरी बघा. चौथ्या शतकातला रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने रोम आणि पश्चिमेचं साम्राज्य पोप सिल्व्हेस्टरला देऊन टाकलं, असं ते दानपत्र म्हणतं. बादशहा हा निर्णय घेतो ‘सगळ्या सत्रपांसह’! सत्रप म्हणजे इराणी सुभेदार, रोमच्या कारभारात ते कुठून आले, हा वाल्लाचा सवाल. कॉन्स्टंटिनोपलचा उल्लेख धर्मपीठ म्हणून येतो, तेव्हा त्या नावाचं शहरच वसलेलं नव्हतं. आणि ते लॅटिन चौथ्या शतकातलं नव्हेच. पगार राजाने दिला असेल, पण भाषेचा हा कान कोणत्या राजाने दिला?

वाटसरू:
कान तयार होता, कोण नाही म्हणतंय? भाड्याने लढणाऱ्याची तलवारही धारदार असते. दानपत्रावर कुसाच्या निकोलसने, एका जर्मन धर्मपंडिताने, १४३३ मध्येच शंका घेतली होती, आल्फोन्सोच्या लढाईसाठी नव्हे. १४४३ ला पोप आणि आल्फोन्सो यांचा समेट झाला आणि १४४८ ला हाच वाल्ला पोपच्या कचेरीत लेखनिक! मी एका संस्थेचा शताब्दी-इतिहास लिहिलाय. अध्यक्षांच्या शब्दाखातर दोन प्रकरणं गाळली, अजून झोप लागत नाही. पगारी इतिहास म्हणजे काय, हे मला शिकवू नका.

मोडीवाचक:
सत्रपांवरून आठवलं. आमच्या घरी काचेच्या चौकटीत एक सनद होती, शके १५८७ ची, म्हणजे इसवी १६६५. मोडी शिकल्यावर पहिल्यांदा तीच वाचायला घेतली. खाली कालगणना राज्याभिषेक शकाची! राज्याभिषेक १६७४ चा. काकांना सांगितलं, तर दोन वर्षं बोलले नाहीत.

कावेरी:
तुम्ही मोडीवाले एक शब्द सापडला की अख्खा कागद खोटा ठरवता. ती नंतरची नक्कल नसेल कशावरून? नकलकाराने आपल्या काळाची कालगणना घातली असेल. आमच्या आजोबांचा कागद असाच एका ‘जाणकाराने’ खोटा ठरवला आणि जमीन गेली. तुम्हाला शोध लागतात, आमची शेतं जातात.

मोडीवाचक:
नकलकार शुद्धलेखन बदलतो, एखादा शब्द गाळतो. नऊ वर्षांनी सुरू होणारी कालगणना मुळात कशी असेल?

कावेरी:
मुळात होती असं मी म्हटलंच नाही! नीट वाचा. नकलेत भर पडली म्हणून मूळ दानच झालं नाही, हे कसं सिद्ध होतं? वाल्लालाही हाच प्रश्न.

मोडीवाचक:
आवाज चढवून प्रश्न बदलत नाही. मूळ कागद दाखवा, मी बनावट हा शब्द मागे घेतो. तोवर नाही.

निशिगंध:
कावेरी, तुमच्या जमिनीचं वाईट वाटलं, मनापासून. पण वाल्ला एका शब्दावर थांबत नाही. असं दान झालं असतं तर सिनेट गप्प बसलं असतं का, कॉन्स्टंटाइनच्या मुलांनी वारसा सोडला असता का, सिल्व्हेस्टरने ताबा कधी घेतला, हेही तो विचारतो. तुमचा प्रश्न त्याने आधीच घेतलाय.

आणि वाटसरू, समेट १४४३ चा ना? मग १४४४ मध्ये नेपल्सच्या धर्मन्यायालयापुढे तो का उभा होता? प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची जुनी कबुली, बारा प्रेषितांनी मिळून रचलेला नाही, असं म्हणाला म्हणून. त्यात राजाचा काय फायदा होता? उलट राजालाच त्याला सोडवावं लागलं. पुढे राजाने आपल्या बापाचा, फर्नांडोचा, इतिहास लिहायला सांगितला. त्यात वाल्लाने आधीच्या मार्टिन राजाचं लठ्ठपण आणि वारसासाठीची केविलवाणी धडपड लिहून ठेवली. दरबारातला दुसरा लेखक फात्सिओ तुटून पडला, राजांची शोभा जाते म्हणून. भाडोत्री माणूस असं लिहितो? आल्फोन्सोचा इतिहास पुढे लिहिला तो फात्सिओनेच.

वाटसरू:
मतांगीकाराचं ठीक. मार्टिन मात्र फर्नांडोचा बाप नव्हे, मामा. गादी तिकडून आली. मामाचं हसं झालं तर भाच्याची बाजू पडते का?

निशिगंध:
पडत नाही, हे खरं. पण फात्सिओला ते खटकलंच ना? दरबाराला हवं तसं लिहिलं असतं तर त्याला बोलायला जागाच उरली नसती.

वाटसरू:
बरं. ‘भाडोत्री’ शब्द मागे घेतो, एवढाच. पोपच्या नोकरीचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही, आणि माझी ती दोन प्रकरणं अजून कपाटातच आहेत.

कावेरी:
मोडीवाचक, सनदेच्या पाठीवर काही लिहिलंय का, ते बघून सांगा. शेरा सहसा तिथे असतो.